कॅसिओ : एका वाद्यकुळाची पारख

जळगावच्या किंवा धुळ्याच्या वाद्यांच्या दुकानात 'कीबोर्ड' असा शब्द छापलेला दिसतो, पण बोलताना तो फारसा कुणी वापरत नाही. वाद्य यामाहाचे असो, रोलंडचे असो की आणखी कुणाचे, त्याला म्हणायचे 'कॅसिओ'. लग्नाच्या बँडच्या गाडीवर कॅसिओ, भजनी मंडळात कॅसिओ, अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला कॅसिओ आणि शाळेच्या परिपाठालाही कॅसिओच. डालडा, झेरॉक्स यांच्यासारखेच हे विशेषनामाचे सामान्यनाम झाले आहे.

एखादी वस्तू इतकी ओळखीची झाली की ती पारखून घ्यायचे राहून जाते. पुस्तकांची, नाटकांची परीक्षणे लिहिली जातात. वाद्यांची मात्र सहसा लिहिली जात नाहीत. लिहिली गेलीच तर त्यांत 'किती आवाज, किती ठेके, किंमत किती' एवढेच असते. या लेखात आम्ही कॅसिओच्या कुळाचे परीक्षण करणार आहोत, आणि त्यासाठी वेगळी कसोटी लावणार आहोत. वाद्य किती आवाज देते हे महत्त्वाचे आहेच. पण शिक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की आवाज घडवण्याच्या कामातला किती वाटा ते वाजवणाऱ्याच्या हाती ठेवते? हार्मोनियमचा भाता आपला हात हलवतो, बासरीत आपला श्वास असतो. कॅसिओत आपले काय असते?

व्यंजन आणि स्वर

जपानमधल्या चार काशिओ बंधूंचा मूळ व्यवसाय गणकयंत्रांचा. त्यांचे 1957 सालचे '14-ए' हे यंत्र 341 रिलेंवर, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या कळांवर चालत असे. चौघांपैकी तोशिओ काशिओ यांना संगीताची आवड होती. 1980 साली कंपनीने 'कॅसिओटोन 201' हे पहिले वाद्य बाजारात आणले. 49 पट्ट्या, 29 आवाज, आणि एका वेळी आठ स्वर वाजवण्याची सोय.

त्यामागची कल्पना मराठी शिक्षकाला चटकन पटेल अशी आहे. 'क' म्हणताना आपण आधी एक क्षणभराचा स्फोट करतो आणि मग 'अ' लांबवतो. स्फोट व्यंजनाचा, लांबण स्वराची. वाद्यांचेही असेच असते. पियानोत हातोडी तारेवर आपटते तो क्षण व्यंजनाचा, नंतरची गुंज स्वराची. बासरीत फुंकर सुरू होतानाचा 'फू' हे व्यंजन. कॅसिओच्या अभियंत्यांनी आवाजाचे असे दोन भाग केले, दोन्ही वेगवेगळे तयार केले आणि मग जोडले. या पद्धतीला त्यांनी नावही 'व्यंजन-स्वर पद्धत' असेच दिले.

हे विधान वर्गात तपासून पाहता येते. मोबाइलवर बासरी, व्हायोलिन आणि पियानो यांचा एकेक लांब स्वर ध्वनिमुद्रित करा. ध्वनिसंपादनाच्या एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचा सुरुवातीचा भाग कापून टाका आणि मुलांना वाद्य ओळखायला सांगा. बरीच मुले गोंधळतात. आपला कान वाद्य ओळखतो तो पुष्कळसा सुरुवातीच्या त्या क्षणावरून. ध्वनीच्या धड्यात कंपनसंख्या आणि आयाम असतात. आवाज वेळेनुसार कसा बदलतो ही तिसरी गोष्ट मात्र बऱ्याचदा निसटते.

आठ अंकी आवाज

201 हे चांगले वाद्य होते, पण त्यातले 29 आवाज कारखान्यात ठरलेले होते. आमच्या कसोटीवर त्याला मध्यम गुण. खरी गंमत 1981 च्या सुमारास आलेल्या 'व्हीएल-1' या हातात मावणाऱ्या यंत्रात आहे. अर्धे गणकयंत्र, अर्धे वाद्य. पट्ट्यांच्या जागी 29 बटणे, आणि एका वेळी एकच स्वर. वाद्य म्हणून ते खेळण्यातच जमा झाले, आणि त्यात फारसा अन्याय नव्हता.

पण या यंत्रात आवाज घडवण्याची एक सोय होती. गणकयंत्राच्या स्मृतीत आठ अंकी संख्या भरायची. त्या संख्येचा आवाज होई. पहिला अंक तरंगाचा आकार ठरवी. दुसरा आवाज किती वेगाने उठतो ते, तिसरा उठल्यावर किती वेगाने खाली येतो ते, चौथा कोणत्या पातळीवर थांबतो ते, पाचवा तिथे किती वेळ टिकतो ते आणि सहावा शेवटी कसा विरतो ते. सातव्या अंकाने स्वराची उच्चता थरथरे, आठव्याने त्याची तीव्रता. आठ जागांवर 0 ते 9 हे अंक म्हणजे दहा कोटी मांडण्या. त्यांतल्या कित्येकांतला फरक कानाला कळणारही नाही, पण एक अंक बदलावा, ऐकावे, दुसरा बदलावा, पुन्हा ऐकावे, हा प्रयोग कोणत्याही मुलाला करता येण्याजोगा होता.

विज्ञानाच्या प्रयोगात आपण दुसरे काय शिकवतो? एका वेळी एकच घटक बदला आणि परिणाम नोंदवा. खेळणे समजल्या गेलेल्या या यंत्रात ध्वनिशास्त्राची एक छोटी प्रयोगशाळा होती. वाद्य म्हणून आम्ही त्याला कमी गुण देऊ. शिक्षक म्हणून या कुळात त्याच्या तोडीचे दुसरे सापडणे कठीण.

रस्ता तोच, वेग वेगळा

कुळातले पुढचे महत्त्वाचे नाव 1984 सालचे 'सीझेड-101'. तोपर्यंत जगात सिंथेसायझरचे दोन मोठे पंथ झाले होते. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1964 पासून विकसित केलेल्या यंत्रांत विजेचा दाब बदलून स्वर आणि त्याची जात बदलत. त्यांत आधी पुष्कळ स्वरक असलेला भरगच्च तरंग तयार करून नको ते स्वरक गाळून टाकत. 1983 सालच्या यामाहाच्या 'डीएक्स-7' मध्ये एका तरंगाने दुसऱ्याची कंपनसंख्या हलवून नवे स्वरक निर्माण करत. कॅसिओने तिसरी वाट काढली.

ती समजण्यासाठी जळगाव-धुळे एस.टी.चे उदाहरण घेऊ. रस्ता ठरलेला आहे, एकूण वेळही ठरलेला आहे. एक गाडी सगळे अंतर सारख्या वेगाने जाते. दुसरी अर्धे अंतर भरधाव कापते आणि पारोळ्यानंतर रमतगमत धुळ्याला पोचते. दोन्ही गाड्या एकाच वेळी पोचल्या, पण अंतर आणि वेळ यांचा आलेख दोघींचा वेगळा. सीझेड-101 च्या स्मृतीत एक साधा गोलाईदार तरंग अंकांच्या रूपात साठवलेला असे. तो सारख्या वेगाने वाचला तर मऊ, बासरीसारखा आवाज. पहिला अर्धा भाग घाईने आणि दुसरा सावकाश वाचला तर तोच तरंग करवतीच्या दात्यासारखा होतो आणि आवाज झणझणीत बनतो. पूर्ण फेरीला लागणारा वेळ तोच असल्यामुळे कंपनसंख्या बदलत नाही, म्हणजे सा हा साच राहतो. त्याची जात तेवढी बदलते.

वाचण्याचा हा वेग किती विषम असावा, आणि स्वर चालू असताना तो कसा बदलत जावा, हे सगळे वाजवणाऱ्याने ठरवायचे. किंमत प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी, पट्ट्या लहान, पण विचार मोठा. आमच्या मते हे या कुळाचे शिखर आहे.

त्याच सुमारास, 1985-86 मध्ये, 'एसके-1' आले. त्याला लहानसा मायक्रोफोन होता. त्यात बोला, टाळी वाजवा, ताटली वाजवा. तो आवाज सगळ्या पट्ट्यांवर सुरात वाजे. आवाजाचे सेकंदाला सुमारे 9,380 नमुने घेतले जात आणि सुमारे 1.4 सेकंद एवढाच आवाज मावे. सेकंदाला जितके नमुने, त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच कंपनसंख्या पकडता येतात. म्हणजे येथे सुमारे 4,700 हर्ट्झ. माणसाचा कान 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो असे आपण शिकवतो. म्हणून एसके-1 चा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा वाटे. वरच्या सप्तकात वाजवला की तो दुप्पट वेगाने वाचला जाई आणि निम्म्या वेळात संपे.

तांत्रिकदृष्ट्या हे यंत्र कच्चे होते. तरी खान्देशासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने त्याची कल्पना कुळातल्या इतर सर्वांहून मोलाची होती असे आम्हाला वाटते, कारण या यंत्रात कारखान्याने न दिलेला आवाज घालता येत होता. साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजणारी भोपळा-बांबूची पावरी, गोंधळातले संबळ, जात्याची घरघर, यांपैकी काहीही.

तयार ठेका

1990 नंतर या कुळाची वाट बदलली. स्मृती स्वस्त झाली. खऱ्या वाद्यांचे मुद्रित आवाज शेकड्यांनी भरता येऊ लागले आणि आवाज 'घडवण्या'ची जागा आवाज 'निवडण्या'ने घेतली. ऐकायला नवी वाद्ये निःसंशय सरस आहेत. 2018 साली आलेल्या 'सीटी-एक्स' मालिकेतला पियानो 201 च्या पियानोशेजारी ठेवला तर तुलनाच होणार नाही. भारतासाठी खास मॉडेले निघाली. त्यांच्या नावापुढे 'आयएन' ही अक्षरे असतात. त्यांत तबला, सतार, हार्मोनियम यांचे आवाज आणि केरवा-दादऱ्यासारखे ठेके असतात. गावोगावच्या भजनी मंडळांना त्याचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. जिथे तबलजी मिळत नाही तिथे भजन थांबत नाही.

मात्र तयार ठेक्याची एक मर्यादा आहे. त्याची लय घड्याळाची असते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींसारख्या बायांची जात्यावरची गाणी हाताच्या ओढीने चालत; दाणे घातले की जाते जड होई, पीठ पडू लागले की हलके. गाण्याची लय कामाच्या मागे जाई. आखाजीला झोक्यावर म्हटल्या जाणाऱ्या गौराईच्या गाण्यांची लय झोक्याची. कानबाईच्या मिरवणुकीत नाचणारे दमले की वाजवणारा हात आपोआप सैल पडतो. यंत्राला दमणे माहीत नाही. एकदा 120 वर लावले की 120. गाणाऱ्याने त्याच्या मागे जायचे. येथे वाद्य साथ करत नाही, गायक वाद्याला साथ करतो.

मग दोष यंत्राचा म्हणायचा का? एक उदाहरण याच कुळातले आहे. 1981 च्या 'एमटी-40' मध्ये हिरोको ओकुदा या तरुण अभियंतीने 'रॉक' नावाचा एक तयार ठेका घातला होता. जमैका बेटावरच्या कलाकारांनी तोच ठेका संथ केला, त्यावर आपल्या भाषेत गाणे रचले, आणि 1985 साली 'स्लेंग टेंग' या गाण्याने तिथल्या रेगे संगीताचे वळणच बदलले. आपल्या मुंबईतही चित्रपटसृष्टीत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलंड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. त्यांतल्या 'टीबी-303' या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. यंत्र मुळात गिटारच्या साथीला खर्जातले स्वर पुरवण्यासाठी केलेले. त्यांनी त्याच्याकडून रागाचे काम करून घेतले. तयार वस्तू वापरणे हा गुन्हा नाही. तिला आपल्या कामाला जुंपले की नाही, हा प्रश्न आहे.

खान्देशातल्या बँडचे वादकही हेच करत असतात, फक्त त्याची नोंद कुणी घेत नाही. बँडच्या गाडीवर कॅसिओ वाजवणाऱ्याचा डावा हात पाहा. तो स्वर वाकवणाऱ्या चाकावर असतो. त्या चाकाने तो सनईसारखी ओढ काढतो. शेजारी ऑक्टापॅडवाला तयार ठेका बंद करून दोन काठ्यांनी स्वतः वाजवत असतो, आणि नाचणाऱ्यांचे पाय बघून लय वाढवतो. असे वापरणे नवेही नाही. 1912 साली जपानमध्ये गोरो मोरिता यांनी बनवलेले तैशोगोतो हे तारांचे आणि कळांचे वाद्य भारतात बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रात त्याला वीज जोडून आपण त्याचा 'बेंजो' केला. कॅसिओ त्याच वाटेने आलेला दुसरा जपानी पाहुणा आहे.

गंधाराचा प्रश्न

आणखी एक आक्षेप जुना आहे, आणि तो हार्मोनियमवरही होता. त्याच कारणाने 1 मार्च 1940 पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली आणि ती 1971 मध्ये काही प्रमाणात उठली. आक्षेप असा, की पट्टीच्या वाद्यात मींड नाही आणि स्वरही जरा हललेले असतात.

हिशोब करून पाहू. सोयीसाठी सा 240 हर्ट्झ धरा. तानपुऱ्यावर लागणारा शुद्ध गंधार साच्या सव्वापट, म्हणजे 300 हर्ट्झ. कॅसिओत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात; प्रत्येक स्वर मागच्याच्या सुमारे 1.0595 पट. साच्या चार पायऱ्या वर गंधार येतो 302.4 हर्ट्झवर. हे दोन गंधार एकत्र वाजले तर सेकंदाला सुमारे अडीच विस्पंदे ऐकू येतील. पंचमाचे पाहिले तर दीडपट म्हणजे 360, आणि कॅसिओचा 359.6. फरक इतका कमी की अडीच सेकंदांत एकच विस्पंद. म्हणून कॅसिओबरोबर पंचम जुळतो आणि गंधार खटकतो.

हा दोष आहे का? बाराही पट्ट्यांवरून कोणतेही गाणे सुरू करता यावे म्हणून केलेली ही तडजोड आहे, आणि शाळेत तिचा फायदाच होतो. वाजवायला सोपे म्हणून शिक्षक पांढरी एकपासून प्रार्थना सुरू करतात आणि मुलांच्या गळ्याला ती पट्टी सोसत नाही. कॅसिओवर एक कळ दाबून सगळे स्वर वर किंवा खाली सरकवता येतात. बोटे तीच, पट्टी मुलांची. अलीकडच्या काही मॉडेलांत एकेका स्वराची कंपनसंख्याही थोडी बदलता येते. म्हणजे गंधार 300 वर आणता येतो. पण त्यासाठी तो 302.4 वर आहे हे आधी माहीत पाहिजे. यंत्र ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही. ती सांगणे शिक्षकाचे काम.

निकाल

2022 साली या कुळात 'सीटी-एस1000व्ही' हे वाद्य आले. मोबाइलवर शब्द लिहायचे, आणि पट्टी दाबली की वाद्य ते शब्द गाते. व्यंजन-स्वर या कल्पनेपासून निघालेले कुळ बेचाळीस वर्षांनी खरोखरीची व्यंजने आणि स्वर उच्चारू लागले. वाद्य आले तेव्हा त्याच्या भाषा दोन होत्या, इंग्रजी आणि जपानी. अहिराणी गाण्यांची केवढी बाजारपेठ धुळे-जळगावात आहे, हे कारखान्याला कळेल तेव्हा कळेल. तोवर यंत्रात आपली भाषा नाही म्हणून नुसते खट्टू होण्यात अर्थ नाही, आणि यंत्र आपली भाषा बोलेल म्हणून वाट पाहण्यातही नाही.

आमचे मत थोडक्यात असे. आवाजाच्या दर्जात हे कुळ सतत वर गेले आहे. आवाज घडवण्याचा अधिकार मात्र 1984-86 या काळात सर्वाधिक आपल्या हातात होता, आणि नंतर तो बटणांच्या यादीआड गेला. ज्या मुलाने फक्त नवे कॅसिओ पाहिले आहे त्याला वाटते, की आवाज यंत्रात 'असतात' आणि आपण ते निवडतो. आवाज 'घडतात', त्यांना आकार, उठाव आणि विराम असतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. नुकसान संगीताचे आहे आणि विज्ञानाचेही.

ते भरून काढायला जुने यंत्र शोधायची गरज नाही. शाळेच्या कपाटातला कॅसिओ बाहेर काढा. एका मोबाइलवर 'फायफॉक्स' हे जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेले मोफत अ‍ॅप घ्या. त्यात आवाजाचा तरंग आणि त्यातले स्वरक दिसतात. एकच सा बासरी, व्हायोलिन आणि ऑर्गन या तीन आवाजांत वाजवून तिन्ही आकृत्या मुलांना वहीत काढायला लावा. मग कॅसिओतला गंधार आणि एखाद्या चांगल्या गाणाऱ्या मुलीचा गंधार एकत्र धरून विस्पंदे मोजा. शेवटी वर्गाबाहेर पडा. गावातला संबळवाला, डफवाला किंवा पावरी वाजवणारा गाठा, त्याच्या परवानगीने आवाज मुद्रित करा आणि त्याचीही आकृती काढा. कॅसिओतल्या शेकडो आवाजांपैकी कोणता त्याच्या जवळ जातो, आणि कुठे कमी पडतो, हे मुलांना शोधू द्या.

कमी पडतो ते नेमके कुठे, व्यंजनात की स्वरात, याचे उत्तर वेगवेगळ्या वाद्यांसाठी वेगवेगळे येईल. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी हा प्रयोग केला तर वाद्याचे नाव, गाव आणि मुलांनी काढलेल्या आकृत्या आम्हाला जरूर पाठवाव्यात.